माझी विद्यार्थिनी माझ्या डबल कमावते, मग मी अजून शिकवत का बसलेय?

पत्राचा सारांश (नाव-गाव काढून): वाचक ३४ वर्षांची, एम.एस्सी. नर्सिंग, विषय मेडिकल सर्जिकल. दोन वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स होती, मग एम.एस्सी. केलं, आणि गेली सहा वर्षं मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी खाजगी नर्सिंग कॉलेजात शिकवतेय. कागदावर असिस्टंट प्रोफेसर. बँकेत महिन्याला ३८ हजार जमा होतात, त्यातले १४ हजार रोख काढून ऑफिसात परत द्यावे लागतात. उन्हाळ्यात ॲडमिशनचं टार्गेट, इन्स्पेक्शन आलं की रात्री आठपर्यंत फायली, मूळ सर्टिफिकेटं संस्थेच्या कपाटात. मागच्या महिन्यात एक जुनी विद्यार्थिनी नॉरसेट (एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा) पास होऊन पेढे घेऊन आली आणि तेव्हापासून हिला झोप नाही. नवरा म्हणतो जर्मनीचं बघ. सासूबाई म्हणतात मास्तरकीच बरी, बाईमाणूस संध्याकाळी घरी असतं. पाच वर्षांची मुलगी आहे. "मला शिकवण्याचा कंटाळा आलाय बहुतेक. पण मी गेले तर माझ्या पोरींचं काय? आणि परत स्टाफ नर्स झाले तर लोक म्हणतील, मॅडमची सिस्टर झाली. काय करू?"

अगं, तुला एकेरीच बोलते, माझ्या सुरुवातीच्या बॅचच्या पोरी आता तुझ्याच वयाच्या आहेत. पेढ्यांचं आधी बोलू, कारण त्याबद्दल तू माफी मागितल्यासारखं लिहिलंयस, मला जेलसी वाटली, मी वाईट आहे का वगैरे. नाहीयेस. पोरगी पास झाली याचा तुला आनंद झालाच असणार, फर्स्ट इयरला बेड मेकिंगचे कोपरे घालायला तिला तूच शिकवलंस, पण पेढा तोंडात असतानाच डोक्यात हिशोब सुरू झाला आणि तो हिशोब खरंच वाईट आहे. नर्सिंग ऑफिसर म्हणजे केंद्राचा लेव्हल ७, मूळ पगारच ४४,९०० पासून सुरू, वर डीए, एचआरए, नर्सिंग अलाउन्स वेगळा. ती नुकती बी.एस्सी. झालेली. तू एम.एस्सी., वॉर्ड आणि वर्ग धरून आठ वर्षांचा अनुभव, आणि हातात २४ हजार. ज्या फील्डमध्ये शिकून वर चढलं की पगार खाली येतो तिथे मास्तरणीला झोप लागत नाही याचं मला नवल वाटत नाही. आणि तुला ती परीक्षा आता देता येत नाही हेही टोचतंय, नॉरसेटची वयोमर्यादा ३० आहे, राखीव गटाची सवलत सोडली तर. म्हणजे ज्या वर्षांत तू पोरींकडून तिची तयारी करून घेत होतीस त्याच वर्षांत तुझं वय निघून गेलं. याचं वाईट वाटू दे, त्यात लाज कसली.

पण पुढचं तुझं वाक्य मला पटलेलं नाही, शिकवण्याचा कंटाळा आलाय ते. तुझं पत्र लांबलचक आहे आणि त्यात ॲडमिशन आहे, फायली आहेत, पगार आहे, प्रिन्सिपल मॅडमचा स्वभाव आहे, सेक्रेटरी साहेबांचा तर खूपच आहे. शिकवण्याबद्दल एकच परिच्छेद. सिव्हिलच्या मेडिकल वॉर्डात पॅरालिसिसचा पेशंट, सेकंड इयरची मुलगी रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात टाकलेल्या नळीतून, फीड द्यायला निघालेली, सिरिंज जोडलीसुद्धा, आणि तू तिच्या मनगटाला नुसता हात लावून विचारलंस, आधी काय बघायचं? ती थांबली, ॲस्पिरेट करून म्हणजे सिरिंजने ओढून बघितलं, काहीच आलं नाही, मग ट्यूबवरची खूण बघितली तर ती नाकापासून चार बोटं बाहेर सरकलेली. तू ओरडली नाहीस, इनचार्ज सिस्टरला बोलावलंस, ट्यूब परत टाकताना त्या मुलीला शेजारी उभं केलंस, आणि पेशंटच्या बायकोला कळलंही नाही की आज काय टळलं. संध्याकाळी घरी जाऊन तू हे नवऱ्याला सांगितलंस आणि तो म्हणाला बरं झालं, भाजी टाक. (हे वाचून मी हसले, सॉरी.) कंटाळलेल्या बाईला खुणेचं अंतर आठवत नाही गं.

म्हणून आधी एक काम कर, निर्णय नंतर. येते दोन-तीन आठवडे रोज रात्री फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेव, आज किती तास शिकवलं आणि किती तास बाकीचं केलं. वर्ग, लॅब, बेडसाइड, केअर प्लॅन आणि केस स्टडी तपासणं, नापास होणाऱ्या पोरीला बाजूला घेऊन बसणं, हे सगळं शिकवण्यात धर. फायली, मागच्या तारखेची रजिस्टरं, ॲडमिशनचे फोन, गावोगावच्या ज्युनिअर कॉलेजात जाऊन पॅम्फ्लेट वाटणं, संस्थाचालकांच्या वाढदिवसाचं डेकोरेशन, हे बाकीच्यात. जर शिकवण्याचे तास भरपूर निघाले आणि तरी सकाळी उठून जायला नको वाटत असेल तर तुला खरंच शिकवणं सोडायचंय आणि मग बिनधास्त सोड. पण मला वाटतं उलटं निघेल. तुला कॉलेज सोडायचंय, शिकवणं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तू, तुझा नवरा, सासूबाई, तिघंही त्या एकच धरून चालताय.

मी बरीच वर्षं या फील्डमध्ये आहे, सोडून गेलेल्या कितीतरी जणींशी बोललेय, पोरी त्रास देतात म्हणून सोडलं असं सांगणारी मला क्वचितच भेटली. पगार हे कारण आहेच. पण पगाराच्या जोडीला जे येतं त्याने माणूस जास्त खचतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम बघितला तर बी.एस्सी.ला दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, स्वतःचं १०० बेडचं पेरेंट हॉस्पिटल हवं, एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट हवेत. कागदावर सगळीकडे आहेत. प्रत्यक्षात तूच लिहिलंयस की सिव्हिलच्या एका वॉर्डात तीन कॉलेजच्या तीन रंगांच्या युनिफॉर्मातल्या पोरी एकाच वेळी पोस्टिंगला असतात, एका आजीबाईंचं बीपी सकाळपासून इतक्या जणींनी घेतलं की आजीबाई दंड पुढे करूनच झोपतात, आणि इनचार्ज सिस्टर तुला म्हणते, मॅडम तुमच्या पोरी घ्या बरं बाजूला, राउंड यायचाय. तिथे तू पाहुणी असतेस. वॉर्ड तुझा नाही, पेशंट तुझा नाही, पण पोरीने चुकीचं इंजेक्शन दिलं तर जबाबदारी मात्र तुझी. हे वर्षानुवर्षं करणं सोपं नाही आणि याला कुणी काम म्हणून मोजतही नाही.

आणि कागदावरच्या शिक्षकांचं तर काय सांगू. इन्स्पेक्शनच्या दिवशी कधी न बघितलेल्या तीन मॅडम स्टाफरूममध्ये बसलेल्या असतात, त्यांची नावं आपल्याला पाठ करायला लावतात. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांचं प्रकरण हायकोर्टात गेलं, कोर्टाने सीबीआय चौकशी लावली, आणि २०२४ मध्ये त्या चौकशीतल्याच सीबीआय अधिकाऱ्याला कॉलेजांकडून लाच घेतल्याबद्दल अटक झाली. तुझं कॉलेज तसं आहे असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. पण जिथे मॅनेजमेंटला शिक्षक ही नोंद म्हणून हवी असते तिथे जी खरंच शिकवते तिच्यावर सगळ्यांचं काम येऊन पडतं, कारण बाकीच्या जागेवरच नसतात. तू थकलीयस त्यातलं निम्मं हेच असणार. १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नवा नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशन कायदा झालाय, चांगलं आहे, पण त्याने तुझा पगार वाढेल म्हणून वाट बघत बसू नकोस.

मग राहणाऱ्या का राहतात? काही जणी खरंच पोरींसाठी राहतात, मीही त्यातलीच. पण सगळ्या प्रेमाने राहत नाहीत. नाइट नाही म्हणून, रविवार मिळतो म्हणून, नवऱ्याची नोकरी त्याच गावात म्हणून, मूळ सर्टिफिकेटं अडकलीत म्हणून, आणि सर्वात जास्त म्हणजे आता वॉर्डात गेलो तर जमणार नाही या भीतीने. यातलं कुठलंही कारण हलकं नाही, फक्त आपलं कुठलं ते स्वतःशी खरं सांगावं. सासूबाईंचं संध्याकाळी घरी असणं घे. जर्नलचे गठ्ठे घरी येतात, ॲडमिशनच्या दिवसांत रविवार जातो, इन्स्पेक्शनला आठ वाजतात, मग नक्की किती संध्याकाळी तू घरी असतेस? नोट्समध्ये तेही लिही. आणि सासूबाईंना दाखवच, भांडायला नाही, त्यांना खरंच माहीत नसेल.

आता पोरींचं काय होईल. तुला बरं वाटावं म्हणून मी असं नाही सांगणार की काही फरक पडणार नाही. पडेल. ज्या बॅचला तू मेड-सर्ज शिकवतेस तिला वर्षाच्या मध्येच दुसरी मॅडम मिळेल किंवा मिळणारच नाही, आणि एखादी पोरगी तुझ्या आधारावर कॉलेजात टिकली असेल तर तिला जड जाईल. पण ती जागा रिकामी ठेवणं हा संस्थेचा निर्णय असेल, तुझा नाही. फी संस्था घेते, तू नाही. "तुम्ही गेलात तर मुलींचं कसं होणार" हे वाक्य तुला सेक्रेटरी साहेबांनी किती वेळा ऐकवलंय? पगारवाढ मागितली तेव्हाच ना? मुलींच्या काळजीपोटी तुझे १४ हजार परत घ्यायचं त्यांनी बंद केलं असतं तर मी वेगळं बोलले असते. बॅचसाठी जे करता येईल ते कर, सेमिस्टर पूर्ण कर, इंटर्नल वेळेत लाव, तुझ्या नोट्स पोरींना देऊन जा. तेवढं पुष्कळ आहे.

मॅडमची सिस्टर झाली, हे मात्र मला लागलं. असं म्हणणारे लोक कोण आहेत बघ जरा, त्यातले बहुतेक नर्सिंगमधले नसणार, आणि असलेच तर आपणच आपल्याला कमी लेखतोय. तू ज्या कामासाठी पोरी तयार करतेस ते काम तू स्वतः केलंस की खाली आलीस हे कुठलं लॉजिक? तू असं मनात ठेवून वर्गात उभी राहिलीस तर पोरींनाही ते कळतं बरं का. दुसरी भीती, हात गेला असेल, ही थोडी खरी आहे. सहा वर्षांत व्हेंटिलेटर बदललेत, इन्फ्युजन पंप बदललेत, औषधांचे डोस पटकन जिभेवर येणार नाहीत, स्पीड कमी झालेला असेल आणि नाइट ड्युटीला पहिले काही आठवडे अंग मोडून येईल. पण पेशंटकडे बघून काहीतरी बिघडतंय हे कळणं जात नाही, रायल्स ट्यूबच्या वेळी तुझा हात बरोबर वेळेला पुढे गेलाच की. बीएलएस आणि एसीएलएस हे इमर्जन्सीत जीव वाचवायचे कोर्स करून घे, जॉइन होताना इनचार्जला सरळ सांग की पहिला महिना मला सीनियरबरोबर ठेवा. शहाण्या इनचार्जला यात आनंदच होतो.

आता रस्ते काय आहेत ते बघू. पहिला, आहे तिथेच राहून बोलणं. हे तू केलेलंच नाहीयेस, दरवेळी रडू येईल म्हणून परत फिरलीस असं लिहिलंयस. तुझी समजूत अशी दिसते की त्यांनी तुला ठेवलंय म्हणजे उपकार केलेत. अगं, एम.एस्सी. मेड-सर्ज, शिकवण्याचा अनुभव पूर्ण, असं माणूस तालुक्याच्या गावी मिळतं का पटकन? असिस्टंट प्रोफेसरला एम.एस्सी. आणि तीन वर्षं शिकवण्याचा अनुभव लागतो, असोसिएटला एकूण आठ वर्षं आणि त्यातली पाच शिकवण्याची. तू त्या दाराशी उभी आहेस. तुझ्याशिवाय त्यांचा फॅकल्टीचा तक्ता भरत नाही, म्हणून ही बोलणी इन्स्पेक्शनच्या आधी होतात, नंतर नाही. एकदम चार गोष्टी मागू नकोस. पूर्ण पगार खात्यातच राहील ही एक, ॲडमिशनच्या टार्गेटमधून सुटका ही दुसरी. मिळालं तर एक वर्ष थांबून बघायला हरकत नाही. वरवर हो म्हणून पुढच्या महिन्यात परत रोख मागितली तर तुला उत्तर मिळालं.

दुसरा, कॉलेज बदलणं. सगळी कॉलेजं सारखी नसतात हे मी छातीठोक सांगते. सरकारी, महापालिकेची, जुनी मिशनची किंवा ट्रस्टची, जिथे स्वतःचं चालतं हॉस्पिटल आहे तिथला दिवसच वेगळा असतो कारण वॉर्ड कॉलेजचाच असतो आणि इनचार्ज सिस्टर तुला ओळखते. केंद्राने २०२३ च्या बजेटमध्ये २०१४ नंतर सुरू झालेल्या मेडिकल कॉलेजांना जोडून १५७ नवी नर्सिंग कॉलेजं जाहीर केली, तिथे शिकवायला माणसं लागणारच, तेव्हा जाहिरातींवर लक्ष ठेव. सरकारी जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) स्कूलमधल्या पाठ्यनिर्देशिकेच्या म्हणजे ट्युटरच्या जागाही कधीतरी निघतात. इंटरव्ह्यूला गेलीस की प्रिन्सिपलना भेटण्याआधी स्टाफरूममध्ये चहा पी, आणि दोनच गोष्टी विचार, पगार पूर्ण खात्यात राहतो का, आणि मागची बाई का गेली.

तिसरा रस्ता तुझ्या पत्रात नाहीच आणि मला तोच तुला सर्वात शोभेलसा वाटतो. मोठ्या हॉस्पिटलांत नर्स एज्युकेटरची पोस्ट असते. एनएबीएच, म्हणजे दर्जाचं सर्टिफिकेट, घेतलेल्या हॉस्पिटलला स्टाफचं ट्रेनिंग दाखवावंच लागतं, इन्फेक्शन कंट्रोल नर्स लागतेच. नवीन जॉइन झालेल्या पोरींचं इंडक्शन, मेडिकेशन एररचे क्लास, सीपीआर ड्रिल, हँड हायजीनचं ऑडिट, वॉर्डात जाऊन शिकवणं. शिकवणं आहे, पेशंट आहे, ॲडमिशन नाही. संभाजीनगर, पुणे, नाशिक, नागपूर इथे अशा जागा निघतात. बऱ्याचदा आधी काही महिने आयसीयूत काम कर मग एज्युकेटर करू असं म्हणतात, ती अट वाईट नाही, तुझा हातही बसेल. अडचण एकच, शहरात जावं लागेल, भाडं आणि मुलीची शाळा धरून हिशोब कर, नुसता पगाराचा आकडा बघून हुरळू नकोस.

चौथा, राज्य सरकारची भरती. केंद्राचं वय गेलं म्हणून सगळंच गेलं असं तू धरलंयस, पण राज्याच्या भरतीत खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत चालतं. अधिपरिचारिकेचा म्हणजे सरकारी स्टाफ नर्सचा मूळ पगार ३५,४०० पासून. तुझ्या हातातल्या २४ पेक्षा किती जास्त ते तूच बघ, शिवाय पुढे बढत्या आहेत. नाइट आहे, गर्दी आहे, एका सिस्टरमागे पेशंट किती ते तू सिव्हिलला रोजच बघतेस. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओचं पण आहे, २५ हजार आणि कामावर आधारित १५ हजारांपर्यंत, पण ते कंत्राटी, आणि तुझा जीव क्लिनिकलमध्ये आहे तर उपकेंद्रात रमशील का याचा विचार कर.

राहिलं जर्मनी. नवऱ्याचा उत्साह समजतो, २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवायचा करार केला तेव्हापासून गावोगाव जर्मनचे क्लास लागलेत. वाईट रस्ता नाही. पण बी१, बी२ पर्यंत भाषा म्हणजे नोकरी सांभाळून वर्षभर किंवा जास्तच, मग डिग्रीची मान्यता, तोपर्यंत तिथे बऱ्याचदा मदतनिसाच्या दर्जावर काम. आणि तिथे पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे नातेवाईक करत नाहीत, नर्सच करते, रोज, म्हातारी जड माणसं. कमीपणा नाही त्यात, फंडामेंटलला आपण हेच शिकवतो, फक्त एम.एस्सी. आहे म्हणजे तिथे जाऊन शिकवेन असं डोक्यात असेल तर काढून टाक. पाच वर्षांच्या मुलीला किती दिवस सोडून राहायचं हे नवऱ्याने नाही, तू ठरवायचंस. जायचं असेल तर एजंटला आगाऊ पैसे भरण्याआधी भाषेची पहिली लेव्हल करून बघ, तिथेच कळतं आपल्याला झेपतंय का. गल्फचं मनात असेल तर तिथे साधारण अलीकडचा दोन वर्षांचा क्लिनिकल अनुभव मागतात, शिकवण्याची वर्षं धरतीलच असं नाही, म्हणजे तिकडे जायचं तरी आधी हॉस्पिटल आलंच.

कुठलाही रस्ता धरलास तरी कागद आधी गोळा कर, आणि हे तुझ्यासारख्या सगळ्यांनाच सांगते. अपॉइंटमेंट लेटर, विद्यापीठाच्या अप्रूव्हलची कॉपी, सगळ्या वर्षांच्या सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं अप्रूव्हल तुझ्या नावाने खरंच झालंय का ते बघ, नाहीतर सहा वर्षं शिकवूनही पुढच्या कॉलेजात तो अनुभव धरायला अडचण येते. महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना? नर्सेसचा तो नॅशनल युनिक आयडी काढलायस ना? आणि सोडल्यावर रिलिव्हिंग लेटर घेऊनच नीघ, तुझं नाव त्यांच्या फॅकल्टी लिस्टमधून कमी झालंय याची खात्री कर, नाहीतर तू पुण्यात नोकरी करतेयस आणि तुझं नाव तालुक्याच्या कॉलेजात शिकवतंय असं व्हायचं.

मूळ सर्टिफिकेटं मागताना राजीनाम्याचा विषयच काढू नकोस. पासपोर्टसाठी हवीत, नवऱ्याच्या होम लोनला को-ॲप्लिकंट आहे, काहीही खरं कारण असेल ते सांग, लेखी अर्ज दे, अर्जाच्या कॉपीवर आवक नंबर आणि शिक्का घे. टाळाटाळ झाली तर ईमेल कर म्हणजे तारीख राहते. तुझे कागद आहेत ते, कुणाला गहाण ठेवायचा हक्क नाही. १४ हजारांचंही तसंच, बँकेतून दर महिन्याला त्याच सुमारास काढलेली रक्कम स्टेटमेंटला दिसते, ती स्टेटमेंटं डाउनलोड करून घरी ठेव. यावर तक्रार करायची की नाही हा वेगळा प्रश्न, एकटीने करू नकोस, कामगार कायदे बघणाऱ्या वकिलाला आधी दाखव, आणि स्टाफमधल्या अजून दोघी तयार असतील तर बरं.

ग्रॅच्युइटीचं तर कितीतरी टीचरांना माहीतच नसतं. पाच वर्षं सलग झाली की मिळते, शिक्षकांनाही. २००९ च्या दुरुस्तीने ती १९९७ पासून मागे जाऊन लागू केली आणि खाजगी शाळांनी कोर्टात आव्हान दिलं ते २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने फेटाळलं. हिशोब सोपा, मूळ पगार आणि डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. समज स्लिपवर मूळ पगार २० हजार असेल तर सहा वर्षांचे जवळपास ६९ हजार होतात. गंमत बघ, हिशोब कागदावरच्या पगारावर होतो, म्हणजे त्यांनी दाखवायला म्हणून लिहिलेला आकडा इथे तुझ्या कामाला येतो. पीएफ कापतात का, जमा होतो का, हे यूएएन (तुझा पीएफचा नंबर) टाकून उमंग ॲपवर आज रात्रीच बघ.

एक-दोन गोष्टी बाकीच्यांसाठी, कारण अशी पत्रं बरीच येतात. बाळंतपणासाठी राजीनामा द्या, नंतर परत घेऊ, असं सांगितलं तर देऊ नका, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे. शिकवणारे ब्रदर लिहितात की आम्हाला एम्समध्ये जागाच कमी, खरं आहे, तिथे ८० टक्के जागा महिलांना आहेत, त्यामुळे नर्स एज्युकेटर, डायलिसिस, कॅथलॅब हे रस्ते लवकर बघा. आणि ज्या नुकत्या एम.एस्सी. झाल्यात त्यांना माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं हॉस्पिटलमध्येच काढा, मग शिकवायला या, हातात वॉर्ड असला की कॉलेजवाल्यांना तुम्हाला अडवून ठेवता येत नाही. यावर माझ्याच मैत्रिणी माझ्याशी भांडतात, भांडू देत.

तुझ्यापुरतं बोलायचं तर मी तुझ्या जागी असते तर या क्रमाने गेले असते. आधी सर्टिफिकेटं बाहेर काढली असती. मग प्रिन्सिपल मॅडमशी त्या दोन मागण्या बोलले असते, सेक्रेटरी साहेबांशी नाही, कारण मॅडमही कधीतरी ट्युटर होत्या. त्याच महिन्यात एज्युकेटरच्या दोन-चार जागांना आणि राज्याच्या भरतीला अर्ज टाकले असते, उत्तर काय येतंय याची वाट न बघता. नवरा आणि सासूबाईंना एकत्र बसवून सांगितलं असतं की तीन महिने माझा पगार आला नाही तर घर कसं चालेल ते आज लिहून काढू. हे ठरल्याशिवाय रागाच्या भरात राजीनामा देऊ नकोस, आणि दिलास तर सेमिस्टर संपण्याच्या बेताने दे, दोन ओळींचा, वैयक्तिक कारणास्तव एवढंच, मनातलं सगळं मला लिहिलंयस तेवढं बास. अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस पिरियड किती लिहिलाय ते बघ, एक महिना की तीन, तीन असेल तर परीक्षेच्या तारखेपासून उलटं मोजून अर्जाची तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाकून ठेव.